पाइपातून आलेला ठोका

गारठा पडायला लागला की आमचा फोन वाजायला लागतो. उन्हाळाभर कोणी ढुंकून बघत नाही. पण सकाळी पाण्यात बोट घातल्यावर तोंडातून पहिली शिवी निघाली की लोकांना घरातल्या गॅस गिझरची आठवण होते आणि गिझरवरून आमची. आम्ही म्हणजे मी आणि आमचे मिस्त्री. लग्नाआधी मी शिवणाचा क्लास चालवायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात यांचा जोडीदार काम सोडून गेला आणि हे तोंड पाडून घरात बसले. मला ते बघवेना. म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर. तेव्हा हे पोट धरून हसले होते. आता हे कुठे एकटे गेले तर लोक दारातच विचारतात, बाई नाही आल्या? तेव्हा मी हसते.

कामाची वाटणी ठरलेली आहे. हे छपरावर, मी खाली गिझरपाशी. मी चढले तर छप्परच खाली येईल, असं यांचं म्हणणं. हे खाली थांबले तर घरच्यांशी गप्पा छाटत चहावर चहा पीत बसतील, असं माझं. दोघांचंही खरं आहे, त्यामुळे वाद होत नाही. हे वर धुराच्या पाइपाची टोपी काढतात, कोळिष्टकं आणि पाखरांची घरटी साफ करतात, लांब दांड्याचा ब्रश आत फिरवतात. मी खाली बर्नर उघडते, काजळी झाडते, गॅसच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघते.

वरचं काम झालं की हे पान्याने पाइपावर दोन ठोके देतात. दोन म्हणजे रस्ता मोकळा आहे, पेटव. एक म्हणजे थांब. लोकांना याची गंमत वाटते. खिशात मोबाइल असताना ठोके कसले देताय, म्हणतात. पण ठोका हा नुसता निरोप नसतो. पाइप वरपासून खालपर्यंत सलग असेल तर ठोका टण् असा स्वच्छ उतरतो. कुठे सांधा ढिला असेल तर चिरका येतो, आत काजळी चढली असेल तर बसका येतो. ज्या वाटेने आवाज नीट खाली येतो त्या वाटेने धूर नीट वर जातो, इतकं साधं आहे ते. धूर वर गेला नाही तर तो घरात राहतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही की नाकाला कळत नाही. माणूस झोपतो आणि उठत नाही.

म्हणून आमचा एक नियम आहे. खालच्याला जे ऐकू आलं तेच खरं. वरचा काहीही म्हणो. नवरा-बायकोची तू-तू मैं-मैं त्यात आणायची नाही. इतक्या वर्षांत या नियमाची परीक्षा एकदाच झाली, आणि तीही भर दुपारी.

तशी ती दुपार दुपारसारखी नव्हतीच. सकाळपासून धुकं पडलं होतं ते हटायलाच तयार नव्हतं. वस्तीच्या शेवटच्या गल्लीतलं दुमजली घर होतं, छोटंसं, खाली दोन खोल्या, वर एक. दार एका काकांनी उघडलं. आयुष्यभर बस चालवलेली, आता निवृत्त. अशा माणसांना स्वस्थ बसवत नाही. हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच ते दारात आले.

“या या. आज काही करून चालू झाला पाहिजे हं. आमची छकुली आजपासून वरच्या खोलीत झोपणार. तीन महिने खालीच होती, आईजवळ. आता तिची स्वतःची खोली तयार झाली!”

“तीन महिन्यांच्या बाईसाहेबांना स्वतंत्र खोली?” मी म्हटलं.

“आई असणारच हो बरोबर. पण खोली तिची. नातीचा थाट असा-तसा नाही.”

मला हे काका तिथेच आवडले. त्यांची सून जिन्यावरून खाली आली, खांद्यावर ती छकुली. सून चुणचुणीत होती, झोप न झाल्याने डोळे ओढलेले, तरी हसतमुख. म्हणाली, “मावशी, संध्याकाळी हिला न्हाऊ घालायचंय. आणि रात्री हिचे बाबा कामावरून आले की अर्धा अर्धा तास गरम पाण्याखाली उभे राहतात. तोवर आम्ही वर झोपलेल्या असू. तुम्ही नीट बघून द्या, बरं का.”

“नीट बघितल्याशिवाय आम्ही पेटवतच नाही गं,” मी म्हटलं. तेव्हा ते मी सवयीने म्हटलं होतं.

गिझर स्वयंपाकघरामागच्या लहानशा खोलीत होता. आत गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की भिंतीतला झरोका काकांनी जाड पुठ्ठा चिकटवून बंद केला होता.

“हे काय केलंत, काका?”

“वारा येतो ना गार!”

“येऊ दे. ज्योतीला हवा लागते. तिला मिळाली नाही तर ती तुमच्या वाटणीची घेईल.” मी पुठ्ठा ओढून काढला. काका शाळेतल्या मुलासारखे बघत राहिले आणि मग तोच पुठ्ठा घडी करून काखेत धरून उभे राहिले. त्यांना काहीच टाकवत नसावं.

गिझर जुना पण चांगला होता. गॅसची रबरी नळी तेवढी चिरत आली होती, ती बदलली. धुराचा पाइप गिझरच्या डोक्यावरून निघून छतात शिरत होता.

“वर कुठून जातो हा?”

“छकुलीच्या खोलीच्या कोपऱ्यातून, तिथून छपराबाहेर. आता दिसत नाही. आम्ही तिथे कपाट करून घेतलंय, पाइप कपाटामागच्या खणात. बघाच तुम्ही!”

वर जाऊन बघितलं. खरंच सुंदर काम होतं. पिवळसर लाकडाचं कपाट, कोपरे गोल केलेले, पोराच्या डोक्याला लागू नयेत असे. हवेसाठी बाजूला ओळीने गोल भोकं पाडली होती. त्या भोकांसमोरच पाळणा. कपाटाच्या कडेला, पाइपाच्या खणावर एक उभी फळी होती. तेवढीच जरा वाकडी बसली होती आणि तिचे स्क्रू कोणीतरी घाईने पिरगाळले होते. आमच्या यांनी फळीवर बोटाने टकटक केलं.

“पाइप असा कोंडू नये, काका. उघडता आला पाहिजे. पण आधी ठोका बघतो, मग ठरवू,” असं म्हणून हे शिडी घेऊन मागच्या बाजूने छपरावर गेले. दोन पायऱ्या चढले न चढले तोच धुक्याने यांना गिळलं. वरून फक्त चपलांचा आवाज आला, मग तोही थांबला.

मी खाली येऊन गिझरपाशी स्टुलावर बसले. पाइपाचा खालचा तुकडा सोडवून त्याखाली वर्तमानपत्र पसरलं होतं. वर ब्रश फिरला की खाली काजळीचा भुगा पडतो, तो त्यावर झेलायचा. वाट बघत बसले. काहीच पडेना. मला वाटलं, उन्हाळाभर बंद होता, नसेल काजळी. तुकडा परत जोडून टाकला.

घर शांत होतं. काका बाहेरच्या खोलीत पुठ्ठ्याचं काय करावं या विचारात असावेत. वरच्या खोलीत सून छकुलीशी काहीतरी बोलत होती, शब्द कळत नव्हते, नुसता सूर येत होता. मला फार बरं वाटत होतं, खरं सांगते. चांगली माणसं, जमणारं काम, संपल्यावर चहा. आणखी काय लागतं?

तेवढ्यात पाइपातून ठोका आला.

ठक्.

एकच. म्हणजे थांब. मी थांबले. वर काहीतरी अडकलं असेल. थोडा वेळ गेला आणि पुन्हा तसाच एक ठोका आला. या वेळी मी मान वर करून पाइपाकडे बघितलं. आमचा पाना लोखंडाचा, पाइपही धातूचा. त्यांचा आवाज टण् असा येतो. हा ठोका लाकडावर पडल्यासारखा होता. मग वाटलं, वर तो लाकडी खणात कोंडलेला आहे, त्याने बदलला असेल आवाज.

आणि मग वास आला. गॅसचा म्हणून मी चटकन नळीपाशी वाकले, पण तो गॅसचा नव्हता. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास होता. पाइपाच्या सांध्यातून हळूहळू उतरत होता. वास वाईट नव्हता, उलट छान होता. तरी माझ्या हातावर काटा उभा राहिला.

मोबाइल वाजला. हेच होते.

“काय गं, झोपलीस का? कधीपासून पेटव म्हणतोय.”

“कुठे म्हणताय? एक ठोका देताय.”

“दोन दिले. दोनदा दोन-दोन दिले.”

“मला एक आला. दोनदा एक-एक.”

“तुझे कान…”

“माझ्या कानांचं नाव काढू नका,” मी म्हटलं.

हे हसले असावेत. “बरं, फोन कानाला लावूनच ठेव. आता देतो. नीट ऐक.”

मी एक कान फोनला लावला, दुसरा पाइपाला. फोनमधून स्पष्ट ऐकू आलं… टण्, टण्. दोन. खणखणीत.

पाइपात काहीच नाही. निव्वळ शांतता. मी श्वास धरून होते. आणि मग, यांचे ठोके संपण्याची वाट पाहून, समजून-उमजून दिल्यासारखा, पाइपातून आवाज आला.

ठक्.

“आले ना दोन?” फोनमध्ये हे म्हणाले.

“अहो…” एवढंच म्हटलं.

“अगं पाय गारठलेत माझे. टोपी साफ आहे, ब्रश सरळ गेला, सगळं ठीक आहे. पेटव तू.”

मधल्या दारात काका येऊन उभे राहिले होते. “झालं का? मोठं पातेलं आणू का छकुलीच्या पाण्याला?” किती आनंदाने विचारत होते. माझ्या हातात लायटर होता. नवरा वरून सांगत होता, पेटव. घरचा माणूस समोर उभा होता, पेटव म्हणून. आणि मी, खालची बाई, लाकडी ठोक्याला घाबरून बसले होते. मला माझीच लाज वाटली. क्षणभर वाटलं, लावावी ज्योत आणि व्हावं मोकळं. मी गॅसची कळ फिरवली आणि लायटर पुढे नेला.

ठक्!

या वेळी पाइप अख्खा हादरला. छताजवळचा चुन्याचा चुरा माझ्या हातावर पडला. काकांच्या काखेतला पुठ्ठा खाली पडला.

मी कळ बंद केली. गॅसचा मुख्य नळही बंद केला. फोनमध्ये म्हटलं, “खाली या. मी पेटवणार नाही.”

“अगं पण…”

“खालच्याला ऐकू आलं तेच खरं. या खाली.”

फोन ठेवून हे उतरायला लागले. या माणसाचं मला हेच आवडतं. कुरकुर करतील, पण ठरलं म्हणजे ठरलं.

मी जिना चढून वर गेले. सून पाळण्याजवळ उभी होती, छकुलीला छातीशी घट्ट धरून. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“मावशी,” ती अगदी हळू म्हणाली, “मिस्त्रीकाका तर छपरावर आहेत ना?”

“हो.”

“आणि आमचे सासरे तुमच्याजवळ खाली होते?”

“हो गं.”

“मग या कपाटात कोण ठोकतंय?”

छकुली रडत नव्हती. आईच्या खांद्यावरून मान वळवून ती त्या वाकड्या फळीकडे बघत होती. एकटक, शांतपणे, बाळं ओळखीच्या माणसाकडे बघतात तशी.

“तिला घेऊन बाहेर जा,” मी म्हटलं. “अंगणात. शाल घाल तिला.”

हे आले तेव्हा यांच्या भुवयांवर धुक्याचे थेंब होते. माझं तोंड बघून यांनी चेष्टा केली नाही. काकांचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि फळीचे स्क्रू काढायला बसले. मी टॉर्च धरला. शेवटचा स्क्रू निघाला, फळी सुटली, मी ती बाजूला ठेवली आणि आत उजेड टाकला.

खणात कोणी नव्हतं. एवढ्याशा जागेत कोणी मावलंही नसतं.

पण पाइपही सलग नव्हता. खालून आलेला पाइप खणाच्या मध्यावर संपला होता. तो एका अंगाला वाकवून ठेवला होता आणि त्याचं उघडं तोंड थेट त्या हवेच्या भोकांकडे होतं. म्हणजे पाळण्याकडे. वरून आलेला पाइप छतापासून तसाच लोंबत होता. दोघांच्या मध्ये हातभर पोकळी. यांनी ब्रशने पाडलेली सगळी काजळी खाली फळकुटावर ढीग होऊन पडली होती. मधला तुकडा आणि त्याच्या पट्ट्या एका कोपऱ्यात नीट पुसून, एकावर एक ठेवल्या होत्या.

मी ज्योत लावली असती तर सगळा धूर या खोलीत भरला असता. संध्याकाळी पाणी तापलं असतं, रात्री काकांचा मुलगा अर्धा तास नळाखाली उभा राहिला असता, आणि वर ह्या दोघी… पुढचा विचार करवेना.

हे त्या पोकळीकडे बघत होते. म्हणाले, “माझे ठोके तुझ्यापर्यंत पोचणंच शक्य नव्हतं.”

“नाही.”

“मग तुला जे ऐकू आलं…”

“ते मधूनच आलं,” मी म्हटलं. “खालच्या तुकड्यावर. इथून.”

दोघांनीही त्या खणात हात घातला नाही, बराच वेळ.

काका मागे उभे होते. आम्ही विचारायच्या आधीच ते बोलायला लागले. आवाज अगदी बसला होता. “हे कपाट करणारा सुतार मोठा गुणी माणूस होता. छकुली व्हायच्या आधीच काम सुरू केलं त्याने. शेवटच्या दिवशी, ही फळी कापून तयार होती. संध्याकाळी जाताना मला म्हणाला, काका, एक काम राहिलंय. ते उद्या येऊन करतो, ते झाल्याशिवाय फळी लावू नका. म्हटलं, बरं… दुसऱ्या दिवशी आला नाही. निरोप आला, रात्री झोपेतच गेला म्हणून. आम्ही सगळे जाऊन आलो त्याच्या घरी.”

“आणि फळी?”

“मीच लावली.” काकांनी डोळ्यांना बाही लावली. “मला वाटलं, राहिलेलं काम म्हणजे रंग. रंग काय, नंतर देता येईल. तयार फळी कशाला पडू द्यायची? मला कुठे बसवतं स्वस्थ…”

ते रडायला लागले. माझ्या मनातला राग त्यांच्या रडण्यात कुठच्या कुठे गेला. मी त्यांचा हात धरला. सुताराने खण बसवताना आड येणारा पाइप सोडवला होता आणि जोडायचा राहिला होता. बस्स, एवढंच. कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं कोणी. एका माणसाचं काम अर्धं राहिलं होतं आणि ते त्याला ठाऊक होतं.

आमचा ठोक्यांचा हिशेब त्या सुताराला कुठून माहीत असणार, असं हे मला पुढे कितीदा म्हणाले. मी म्हणते, नसेलच माहीत. कोणाला अडवायचं असलं की माणूस एकदाच जोरात हात आपटतो. त्याला शिकावं लागत नाही.

मग आम्ही काम केलं. भीती वाटत असताना हाताला काम असणं फार चांगलं. मधला तुकडा बसवला, पट्ट्या आवळल्या, सांधे बंद केले. हे पुन्हा छपरावर गेले, मी पुन्हा स्टुलावर. आणि टण्, टण्. इतके स्वच्छ ठोके मी आयुष्यात ऐकले नव्हते. तरी मी थोडा वेळ कान लावून थांबले. आणखी कोणाला काही म्हणायचं आहे का, म्हणून. कोणाला काही म्हणायचं नव्हतं. मी ज्योत लावली. निळी, स्थिर, एकसारखी. काडी पेटवून पाइपाच्या तोंडाशी धरली तर तिचा धूर सरळ वर ओढला गेला. वरच्या खोलीत जाऊन एकेका सांध्यापाशीही काडी धरून बघितली. धूर कुठेच हलला नाही.

छकुलीची आंघोळ आमच्यासमोरच झाली. गरम पाण्यात पाय पडल्यावर तिने असे काही डोळे मिटले की आम्ही सगळेच हसलो. काकासुद्धा. चहा झाला. सूनबाईने मला घट्ट मिठी मारली. फळी मात्र आम्ही तशीच भिंतीला टेकवून ठेवली. काकांच्या हाताने तिच्या कडा पिचल्या होत्या आणि आम्ही काही सुतार नव्हे. हे म्हणाले, “उद्या एखाद्या सुताराला बोलवा. बिजागऱ्या लावून, दारासारखी उघडेल अशी करून घ्या. दरवर्षी आत बघता आलं पाहिजे. आणि आम्ही सकाळी विषारी वायूची सूचना देणारं यंत्र घेऊन येतो, ते पाळण्याजवळ लावू. आजची रात्र गिझर बंदच ठेवा आणि सगळे खाली झोपा.”

“छकुली खाली झोपतच नाहीये,” सून म्हणाली. “दुपारभर बघतेय. वरच्या खोलीतून हलवली की रडते.”

“मग गिझर बंद ठेवून झोपा वर. काही हरकत नाही.”

निघताना मी एकटीच वर गेले, सामान राहिलंय असं सांगून. त्या उघड्या खणापुढे उभी राहिले. मग साधंच म्हटलं, “दादा, झालं हो तुमचं काम. नीट झालं.” इतकं हलकं वाटलं मला. घरी जाताना धुकं अजून होतं, पण मी गाडीवर यांच्या पाठीला डोकं टेकवून बसले होते आणि मला कसलीच भीती वाटत नव्हती. त्या रात्री आम्ही दोघं मेल्यासारखे झोपलो.

सकाळी यंत्र घेऊन गेलो तर दार सुनेने उघडलं. चेहरा अगदी टवटवीत.

“मावशी, सुतार इतक्या लवकर पाठवलात? आम्हाला उठवायचं तरी!”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जिना चढून वर गेलो.

फळी जागेवर बसली होती. कालचीच फळी, पण पिचलेल्या कडा नव्हत्या. त्या तासून गोल केल्या होत्या, कपाटाच्या कोपऱ्यांसारख्या. ती आता दारासारखी उघडत होती. यांनी बोटाने ढकलली, आवाज न करता उघडली. आतला पाइप आम्ही जोडला तसाच होता. फळीच्या आणि कपाटाच्या मध्ये केसही शिरणार नाही इतकं ते नेमकं काम होतं.

“मी नाही हात लावला,” काका कुजबुजले. “देवाशप्पथ नाही. रात्री बाहेरच्या दाराला आतून कडी होती, सकाळी मीच काढली. आणि ह्या दोघी इथेच झोपल्या होत्या.”

“मला काहीच ऐकू आलं नाही,” सून म्हणाली. आता तिचाही आवाज लहान झाला होता. “इतकी गाढ झोप तर बाळ झाल्यापासून लागली नव्हती. हीसुद्धा एकदाही उठली नाही.”

हे जमिनीवर वाकले. इतकं रंधून झालंय म्हणजे भुगा पडायलाच हवा. पाळण्याखाली बघितलं, कपाटाखाली बघितलं. फरशी लख्ख होती.

“रडली नाही म्हणतेस रात्रभर?” मी छकुलीला उचलून घेतलं. छान हसली माझ्याकडे बघून. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

“ती मूठ सकाळपासून तशीच आहे,” सून म्हणाली. “उघडतच नाही. ओढायला गेलं की चिडते.”

मी त्या मुठीला फुंकर घातली. मग तिच्या मनगटावर बोटाने हळूच गुदगुल्या केल्या. पोरगी खिदळली आणि बोटं एकेक करून उघडली.

तळहातात रंध्यातून निघालेली लाकडाची एक पातळ, कुरळी साल होती. पिवळसर, ताजी, मधोमध कुठेही न तुटलेली. कोणीतरी रडू नये म्हणून हातात द्यावं तशी दिलेली.

मी ती काढून घेतली. छकुलीने रिकामा हात पुन्हा पुढे केला, आणखी हवी म्हणून. पण तो हात तिने माझ्याकडे केला नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे, वर बघत ती हसत होती, आणि तिथे भिंतीशिवाय काही नव्हतं.